मास्टरला लावलेलं कुंकू

खंडेनवमीला मी आमच्या मास्टरला कुंकू लावलं आणि पुढच्याच आठवड्यात नऊ हजार पिना टेम्पोत बसून परत आल्या. मधल्या दिवसांत काय काय झालं ते आता मी कुणालाही सांगते, हसत सांगते. तेव्हा मात्र माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. माझ्या गावी, पिशोरला, आमच्या गल्लीत मला ‘तोंडाळ सायली’ म्हणतात, त्यावरून काय ते समजून घ्या.

मास्टर म्हणजे माणूस नव्हे. वाळूजच्या आमच्या कंपनीत गाडीच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या पोलादी पिना बनतात, करंगळीएवढ्या. कडुबाकाका ग्राइंडिंग मशीनवर त्या घासून मापात आणतात आणि मी माझ्या टेबलावर डायलखाली धरून तपासते. पण डायलला स्वतःचं असं काही कळत नाही. रोज सकाळी त्याला एक अगदी अचूक मापाची पिन दाखवून सांगावं लागतं, बाबा रे, हे तुझं शून्य. ती अचूक पिन म्हणजे मास्टर. मखमल लावलेल्या डबीत असते, तिचं वेगळं प्रमाणपत्र असतं, आणि कडुबाकाकांच्या हातातलं मापसुद्धा रोज तिच्यावरूनच लावलं जातं.

आता अशा वस्तूला खंडेनवमीला वगळायचं कसं? आमच्या घरी वडील मेंढ्यांची लोकर कातरायची कातर, कुऱ्हाड, विळे असं सगळं धुऊन पाटावर मांडतात. ज्याच्यावर पोट चालतं त्याला हळदकुंकू लागलंच पाहिजे. कंपनीतही त्या दिवशी दुपारनंतर मशिनी बंद होतात, झेंडूचे हार पडतात, नारळ फुटतात. मी टेबल पुसलं, डायलला फूल वाहिलं, आणि डबी उघडून मास्टरला हळदीचं एक बोट आणि कुंकवाचं एक बोट लावलं. चांगलं ओलं, भरून. आमच्या क्वालिटीच्या मॅनेजर सुकेशनी मॅडम शेजारीच उभ्या होत्या. त्या स्वतः पूजा करत नाहीत, पण दरवर्षी शेवटपर्यंत थांबतात आणि पेढे सगळ्यांना मिळाले का ते बघतात.

पाच वाजता मास्टर परत डबीत ठेवायचा होता आणि तिथं मी अडकले. कुंकू खसखसून पुसायला हात धजेना. माझी आई, दगडाबाई, आरशाला लागलेलं कुंकूसुद्धा पुसू देत नाही. सणाच्या दिवशी तर नाहीच. मी ओढणीच्या टोकानं मास्टरला नुसतं टिपलं. वरून स्वच्छ दिसला. खाली मात्र एक पातळ थर सुकून बसला होता, तीस मायक्रॉनचा, म्हणजे साधारण आपल्या केसाच्या निम्म्या जाडीएवढा. तेवढं कुणाच्या डोळ्याला दिसत नाही. पण आमच्याकडे वीस मायक्रॉनचा फरक पडला तरी माल बाद होतो.

दसऱ्याची सुटी झाली. शुक्रवारी सकाळी मी त्याच मास्टरवरून डायलला शून्य लावलं आणि पहिली पिन ठेवली. काटा तीस मायक्रॉन खाली. दुसरी ठेवली, तीही खाली. दहाच्या दहा पिना बारीक. मास्टरच जाड झाला होता, त्यामुळे चांगला माल बारीक दिसत होता. हे मला आज कळतं. त्या दिवशी मी दहा पिना मुठीत घेतल्या आणि तरातरा मशीनवर गेले.

“काका, माल बारीक येतोय. तीसनं.”

कडुबाकाका देवगाव रंगारीचे. छप्पन्न वर्षांचे, त्यातली तीस मशीनवर गेलेली. त्यांनी आधी मशीनवर माप ठरवणाऱ्या चाकावरचा आकडा बघितला, मग मान तिरकी करून मशीनचा आवाज ऐकला.

“नाय व्हनार,” ते म्हणाले. “चाक दसऱ्याआधी जिथं व्हतं तिथंच हाये. आवाज बी तोच हाये. तू तुव्हं माप बघ.”

झालं. माझं डोकं फिरलं. सहा महिने झाले होते मला कंपनीत, दिवाळीआधी पर्मनंटचं पत्र मिळणार होतं, आणि हा माणूस सगळ्यांसमोर माझ्या मापाला नावं ठेवत होता.

“मापाला काय झालंय?” मी म्हणाले. “आत्ता मास्टरवरून लावून आले. मास्टर कधी चुकतो का? तुम्ही तुमच्या हाताचं बघा. वय झालं की हात स्थिर राहत नाही, काका.”

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. काका स्वतःचं माप घेऊन माझ्या टेबलावर आले, मास्टरवरून लावून घेतलं, पिन तपासली. त्यांचंही माप तेच बोललं, तीसनं बारीक. बोलणारच. काका त्या काट्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग “बरं” एवढंच म्हणाले आणि जाऊन त्यांनी चाक फिरवलं.

त्या क्षणापासून आमच्याकडे जाड पिना बनायला लागल्या आणि मी त्या झकास म्हणून पास करायला लागले. शनिवारी दुपारपर्यंत नऊ हजार झाल्या. त्या बिडकीनकडच्या एका मोठ्या कारखान्याला रवाना झाल्या.

शनिवारी सुटी व्हायच्या आधी आठवड्याची साफसफाई असते. मी स्पिरिटचं फडकं घेऊन मास्टर पुसला, आणि फडक्यावर लाल डाग उमटला.

मी पुन्हा शून्य लावलं. हाताशी असलेली पिन ठेवली. काटा तीस मायक्रॉन वर. मला समजायला एक क्षणही लागला नाही. आजूबाजूला पाहिलं, कुणाचं लक्ष नव्हतं. मी फडकं चुरगळलं आणि तेलकट चिंध्यांच्या पिंपात, पार तळाशी, कोंबलं.

असं का केलं, हे सांगायला मला माझ्या आधीच्या कंपनीबद्दल बोलावं लागेल. नाव घेत नाही, शिव्याही घालत नाही, जरी येतात. तिथं चूक झाली की साहेब पहिल्यांदा विचारायचे, “कोण आहे तो?” एकदा माझ्या हातून शिक्का चुकीचा बसला, तर मला दिवसभर, हजेरी लागते त्या टाइम ऑफिससमोर उभं केलं होतं. येणारा-जाणारा बघत होता. सोबतच्या मुली मान खाली घालून जात होत्या, कारण माझ्याशी बोललं तर त्यांचं नावही आलं असतं. त्या कंपनीत दोन वर्षांत मी एकच गोष्ट नीट शिकले. पिन पडली की पाय ठेवायचा, आणि कुणी बघत नसताना खिशात टाकायची.

रविवारी मी पिशोरला गेले. आईनं दारातच विचारलं, “पत्र आलं का?” म्हटलं, दिवाळीच्या आत येईल. तिनं शेजारच्या चंपाबाईला, किराणावाल्याला, पिठाच्या गिरणीत, सगळीकडे सांगून ठेवलं होतं की आमची सायली आता पक्की होणार. वडील म्हणाले, मेंढरामागं फिरणाऱ्याची पोर मापाला बसते, लई झालं. मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली उन्हानं झालं असेल.

सोमवारी सकाळी मी काकांकडे न बघताच म्हणाले, “काका, चाक पुन्हा पहिल्यासारखं करा. तीस कमी.” त्यांनी कसलाही प्रश्न न विचारता चाक मागं घेतलं. हे मला विचित्र वाटायला हवं होतं. कडुबाकाका साध्या नटावरूनही वाद घालणारे. पण मला सुटल्यासारखंच झालं.

अकरा वाजता बिडकीनहून फोन आला. पिना बसत नाहीत, जाड आहेत, तासभर आमचं काम थांबलं. दुपारी टेम्पो परत आला आणि नऊ हजार पिनांची खोकी आमच्या दारात उतरली.

सुकेशनी मॅडमची एक पद्धत आहे. मोठी चूक झाली की त्या कुणाला केबिनमध्ये बोलावत नाहीत. त्या मशीनजवळ येतात, सगळ्यांना गोल उभं करतात, आणि प्रत्येकानं ‘माझ्याकडून काय राहिलं’ एवढंच सांगायचं. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. सुरुवात सगळ्यात वरच्या माणसानं करायची. मी हे ऐकलं होतं, पण खरं मानलं नव्हतं. म्हटलं, भिंतीवरच्या सुविचारासारखं काहीतरी असेल.

मॅडमनी सुरुवात केली. “माझ्याकडून राहिलं ते असं की सुट्टीनंतरचा पहिला माल दुसऱ्या मापावर तपासून घ्यायचा नियम मी केला नव्हता.” प्रॉडक्शनचे सोमनाथ सर म्हणाले, “माझ्याकडून, शुक्रवारी मी रजिस्टर बघायचं राहिलं. बघितलं असतं तर चाक फिरवलेलं दिसलं असतं.” ते बोलताना त्यांनी काकांकडे एकदा पाहिलंच. रजिस्टरमध्ये काकांच्या अक्षरात दोन नोंदी होत्या, शुक्रवारी चाक पुढं आणि सोमवारी मागं. कुणाच्या सांगण्यावरून, ते लिहिलेलं नव्हतं.

काकांची पाळी आली. हात पाठीमागं बांधून ते म्हणाले, “चाक म्या फिरवलं. मव्हाच कसूर हाये.”

बास. माझं नाव नाही, सायलीनं सांगितलं म्हणून फिरवलं असंही नाही. मी खाली बघत उभी होते. माझ्या मनात आलं, म्हातारा मला वाचवतोय.

मग माझी पाळी. सगळे माझ्याकडे बघत होते आणि कुणाच्याही नजरेत राग नव्हता. तरीही मी म्हणाले, “माझ्याकडून रजिस्टरला वेळ टाकायची राहिली.” मॅडमनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. माझं खोटं त्यांच्या सुरेख अक्षरात कागदावर उतरलं, ते बघून मला स्वतःची किळस आली.

मंगळवारी सकाळी आले तर ग्राइंडिंग मशीनवर दुसराच ऑपरेटर. काका पॅकिंगमध्ये स्टुलावर बसले होते. पिनांना तेल लावायचं, कागदात गुंडाळायचं, खोक्यात रचायचं. चष्मा नाकावर आणून ते एकेक पिन गुंडाळत होते आणि मध्येच थांबून मशीनच्या दिशेनं कान देत होते. ज्या माणसाला तीस वर्षांत कुणी मशीनवरून उठवलं नव्हतं, त्याला माझ्या बोटभर कुंकवानं उठवलं होतं. मी दोन तास काम केलं म्हणजे नुसता काटा वर-खाली होताना बघितला. चहाची शिट्टी झाली तशी उठले आणि मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

“मॅडम, मी मास्टरला कुंकू लावलं होतं,” मी म्हणाले. “पुसलं नाही. टिपलं. काकांचं चाक बरोबर होतं.”

मग सगळंच बाहेर पडलं, फडकं, पिंप, शनिवार, सोमवारची ती रजिस्टरची थाप. सांगताना मी मनात टाइम ऑफिससमोर उभी राहायची तयारी करत होते. कुठं उभं करतील, गेटजवळ की कँटीनसमोर, एवढंच बाकी होतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “कुंकू आहे का इथं कुठं?”

कँटीनच्या देव्हाऱ्यातून कुंकू आलं, हळद आली. मॅडम माझ्या टेबलावर बसल्या. मला म्हणाल्या, “त्या दिवशी लावलंस तसंच लाव. अगदी तसंच.” मी लावलं. वाळू दिलं. मग म्हणाल्या, “आता त्या दिवशी टिपलंस तसं टीप.” मी ओढणी घेतली आणि माझे डोळे भरून आले. त्यांनी मास्टर डायलखाली ठेवला. काटा सरकला आणि अठ्ठावीसवर थांबला.

“अठ्ठावीस,” त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. “त्या दिवशी बोट जरा जास्त भरलं असेल. सापडलं, सायली. कालपासून आम्ही मशीन तपासतोय, आणि तरी सापडत नव्हतं.”

सोमनाथ सर आले होते. ते म्हणाले, “मॅडम, मग कंपनीतली पूजाच बंद करून टाकू. नसती भानगड.” मनात आलं, माझ्यामुळे साऱ्या कंपनीची खंडेनवमी बुडणार.

“पूजेनं काय केलं?” मॅडम म्हणाल्या. “मी स्वतः तिथं उभी होते. तिनं मास्टरला कुंकू लावताना मी बघितलं, चांगलं लावलंस असंही म्हणाले असेन. वीस वर्षं क्वालिटीत काढून मला सुचलं नाही, तर सहा महिन्यांच्या मुलीला काय सुचणार? पुढच्या वर्षीपासून डबीला लावा, झालं.” आणि बिडकीनला पाठवायच्या पत्रात त्यांनी कारण लिहिलं ते माझ्यासमोर लिहिलं. मास्टर कसा स्वच्छ करायचा याची पद्धत आम्ही लिहून ठेवली नव्हती. खाली सही स्वतःची केली. ते पत्र मी तीनदा वाचलं, माझं नाव शोधत. कुठंच नव्हतं.

मी उठणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, “बस. अजून झालं नाही.”

आवाज चढला नव्हता, पण मी बसले.

“कुंकू लावलंस ती चूक होती. कुणाकडूनही झाली असती. फडकं पिंपात टाकलंस ती चूक नव्हती, सायली, ते लपवणं होतं. तू शनिवारीच बोलली असतीस तर निम्मा माल आपण रस्त्यात अडवला असता, आणि सोमवारी तिथलं काम थांबलं नसतं. तुझं पर्मनंटचं पत्र तीन महिने पुढं ढकलते आहे. मला तीन महिने बघायचंय की तू पुढच्या वेळी पहिल्या मिनिटाला येतेस की नाही.”

मला राग यायला हवा होता. आईला काय सांगू, हे डोक्यात आलंही. पण खरं सांगते, मला हलकं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी चूक आणि माझा खोटेपणा वेगवेगळे करून माझ्या हातात दिले होते, आणि दोन्हींसकट मला कामावर ठेवलं होतं. ते पत्र मला संक्रांतीच्या सुमाराला मिळालं, वेळेवर मिळालं असतं तर जेवढा आनंद झाला असता त्यापेक्षा जास्त झाला. आज माझ्या हाताखाली दोन मुली आहेत. त्यांच्याकडून काही सांडलं, मोडलं की त्या पळत येतात आणि सांगतात, हे मला फार मोठं वाटतं. यातलं सगळं मॅडमचं आहे. मी त्यांचे उपकार विसरणार नाही.

पण त्या मंगळवारी एक गोष्ट त्यांनी माझ्यावर टाकली.

“कडुबाकाकांना काय म्हणायचं?” मी विचारलं. “तुम्ही त्यांना मशीनवर परत बोलावणार ना? त्यांना तुम्ही माझ्यामुळे काढलं.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. “मी काढलं नाही त्यांना. सोमनाथ सरांनीही नाही. काल मीटिंग झाल्यावर त्यांनीच येऊन अर्ज दिला. मला पटत नव्हतं म्हणून मी तो पुढं पाठवला नाही, पण ते मशीनला हात लावायला तयार नव्हते.” त्यांनी ड्रॉवरमधून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात ठेवला. “जा, हा परत दे त्यांना. आणि काय झालं ते तू सांग. मी सांगून उपयोग नाही.”

पॅकिंगमध्ये सहा-सात जण होते. मी काकांसमोर गेले आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, मोठ्यानं, जशी शुक्रवारी बोलले होते तशी. काका हातातली पिन पुसत होते ते थांबले.

“किती भरलं म्हन्ली कुंकू?”

“तीस, काका. आत्ता करून बघितलं तर अठ्ठावीस आलं.”

“तीस,” ते म्हणाले. मनातल्या मनात त्यांनी आकडा जुळवला. “म्हंजी चाक बरोबर व्हतं.”

“हो काका.”

“आन आवाज बी.”

“तुम्ही म्हणाला होतात ते सगळंच बरोबर होतं. मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं. आणि काल तुम्ही मला वाचवलंत, माझं नाव घेतलं नाहीत, ते मी—”

“तुला कामून वाचवू?” काकांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना खरोखरच समजलं नव्हतं. “मला वाटलं तसंच हाये. मास्टर एक म्हनतो, मव्हं माप बी तेच म्हनतं, मंग खोटं कोन? हातच खोटा. शनवारी सुटी झाल्यावर डोळे दाखवून आलो. डागदर म्हन्ला, डोळे चांगले हायेत. मंग काय ऱ्हायलं? घरी द्वारकाबाईला सांगितलं, मव्हा हात गेला. ती रडू लागली.”

मी त्यांच्यापुढं तो कागद धरला.

“वाच,” ते म्हणाले. “रविवारी नातीकडून लिहून घेतलाय. बघू काय लिहिलंय पोरीनं.”

मी घडी उघडली. चौथी-पाचवीतल्या मुलीचं गोल अक्षर होतं. ‘माझे वय झाल्यामुळे माझा हात स्थिर राहत नाही. तरी मला मशीनवरून कमी करावे ही विनंती.’

शुक्रवारी मी चिडून फेकलेले शब्द होते ते. जसेच्या तसे. त्या माणसानं ते घरी नेले होते, नातीसमोर बसून तिला सांगितले होते, आणि तिनं ते नीट, एकही काना न चुकवता उतरवले होते.

काकांनी कागद माझ्या हातातून घेतला, चार तुकडे केले आणि खिशात ठेवले. मग स्टुलाला हात टेकून उठले. त्यांनी उजवा हात समोर धरला, बोटं पसरली, आणि बघत राहिले. हात हलत नव्हता.

“बरं झालं बोललीस, पोरी,” ते म्हणाले. “नाय तर दोन-चार वर्सांनी रिटायर झालो असतो आन मरंपर्यंत हेच धरून बसलो असतो, की हात गेला म्हनून उठलो. लई उपकार झाले तुझे.”

ते माझे आभार मानत होते. माझे. मी तिथंच एका खोक्यावर बसले आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले. कुणी हसलं नाही. काका दोन पावलं मशीनकडे गेले, मग मागं वळून म्हणाले, “रडायचं तर बाजूला जाऊन रड. मालावर पानी पडलं तर गंज चढंल.”